बन, टिक्की आणि वाफ : इंदूरच्या बर्गर काउंटरच्या प्रकल्प नोंदी

प्रकल्प: रामबागेतल्या मराठी भोजनालयाच्या दर्शनी ओट्यावर संध्याकाळी सहा ते अकरा चालणारं बर्गर काउंटर.
मुदत: जूनपासून अनंत चतुर्दशीपर्यंत, २०२५.

९ जून

जागेत सकाळी पोहे, दुपारी थाळी असते. संध्याकाळी पुढचा ओटा रिकामा असतो. मेन्यू मुद्दाम आखूड ठेवला: आलू टिक्की, अंडं, चिकन. जैन बर्गरचा निर्णय वडोदऱ्यात काय चालतं ते पाहून.

व्हेज-नॉनव्हेजचा प्रश्न आधी मिटवला. दोन वेगळे तवे, दोन कालथे, दोन चिमटे, वेगळे ट्रे, व्हेजच्या हत्यारांच्या मुठीला हिरवी पट्टी. मॅकडोनाल्ड्सने १९९६ मध्ये दिल्लीत पहिलं दुकान उघडलं, तेव्हा गोमांस आणि डुकराचं मांस मेन्यूत घेतलंच नाही आणि व्हेज-नॉनव्हेजची तयारी वेगवेगळी ठेवली. रामबागेत याहून सैल व्यवस्था चालणार नाही. घरचे चार जण एकत्र येतात, त्यातले दोघे शाकाहारी असतात, आणि कालथा कुठे फिरतो याकडे त्यांचं बारीक लक्ष असतं.

सामान: ६० बाय ४५ सेंमीचे दोन लोखंडी तवे, जाडी १० मिमी. ६ मिमीचा पत्रा स्वस्त पडतो, पण तो मध्ये फुगतो आणि थंड टिक्की पडली की लगेच गारठतो. ८ लिटरचा एक फ्रायर, १ ग्रॅमचा वजनकाटा, टोचून पाहायचा तापमापक, तव्यासाठी लांबून मोजणारा तापमापक, १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर आणि एक राखीव. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत राहील, म्हणून २०२५ च्या नियमाप्रमाणे एफएसएसएआयची (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) साधी नोंदणी पुरत होती.

सगळ्या कामाची दिशा एका वाक्यात: बर्गर बिघडतो तो पाण्याने. बटाट्यातलं पाणी, टोमॅटोचं पाणी, चटणीचं पाणी, डब्यातली वाफ. मसाला कमीजास्त झाला तर गिऱ्हाईक सांभाळून घेतं, खालचा बन भिजून हातात आला तर परत येत नाही.

१३ जून

आधी इंदूरमध्ये खाऊन पाहणं. छप्पन दुकान या खाऊच्या रस्त्यावर दिवसा आणि सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री. छप्पनवर जॉनी हॉट डॉगचा हॉट डॉग म्हणजे गोल बनमधली टिक्की, आणि अंड्याचा बेंजो म्हणजे बनमधलं आमलेट. बर्गर हा पदार्थ या शहराला शिकवावा लागत नाही. तुलना कशाशी होणार, हे मात्र पक्कं ठाऊक असायला हवं.

कुठेही खाताना पाहायच्या गोष्टी ठरवून घेतल्या, म्हणजे शहरं वेगळी असली तरी नोंदी एकमेकींशी ताडता येतील.

ऑर्डर दिल्यापासून हातात येईपर्यंतची मिनिटं. दोन मिनिटांच्या आत आला तर टिक्की आधीच तळून ठेवलेली असते. मग चव बघण्याआधी ती आतून किती गरम आहे ते बघायचं. पहिला घास केचप न लावता. दोन घासांनंतर सुरीने उभा छेद द्यायचा आणि थर पाहायचे: बन दाबला जाऊन किती उरला, सॉस मधोमध साचलाय की कडेपर्यंत पोचलाय, टिक्की बनच्या कडेला टेकते का. अर्धा बर्गर ताटात ठेवून पाच मिनिटांनी खालचा बन उचलायचा. बोटाला चिकटला तर भाजणीत कसर आहे. शेवटचा घास पहिल्यासारखाच लागायला हवा. बहुतेक ठिकाणी शेवटी नुसता पाव उरतो, कारण सारण मध्ये आणि बन बाहेर.

सराफ्यात खोपरा पॅटिस लक्ष देऊन खाल्लं. बाहेर बटाट्याचं आवरण, आत खोबऱ्याचं सारण, अख्खं तळलेलं. आतलं सारण कोरडं असतं, त्यामुळे तळताना वाफ कमी निघते आणि आवरण फुटत नाही. आपल्या टिक्कीला हाच नियम लावायचा. वाटाणा, कांदा, कोथिंबीर जे काही आत जाईल त्यातलं पाणी आधी काढायचं.

२० जून

बनचं काम. बाजारचा बन स्वस्त आहे, पण त्याचे दोन दोष आहेत: व्यास कधी ९ तर कधी १०.५ सेंमी, आणि पोत इतका हलका की सॉस लागला की बसतो. त्यामुळे बन घरीच.

एका घाण्याचं माप: मैदा १००० ग्रॅम, दूध ३०० ग्रॅम, पाणी ३०० ग्रॅम, साखर ८०, लोणी ८०, दूध पावडर ३०, मीठ १८, कोरडं इन्स्टंट यीस्ट १०. अंडं नाही, कारण हाच बन व्हेजलाही जाणार.

या मापातलाच ५० ग्रॅम मैदा आणि २५० ग्रॅम पाणी आधी मंद आचेवर ढवळत ६५ अंशांपर्यंत शिजवून खळ करून घ्यायची आणि गार करून कणकेत घालायची. शिजलेला मैदा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे बन दुसऱ्या दिवशीही मऊ राहतो आणि पीठ हाताला चिकटत नाही. खळ गरम असताना यीस्ट घातलं तर ते मरतं. खळ ३५ अंशांच्या खाली आल्याशिवाय यीस्टला हात लावायचा नाही.

लोणी शेवटी घालायचं. कणीक मळून ताणली की पातळ पडदा न फाटता दिसला पाहिजे. मळून झाल्यावर कणकेचं तापमान २६-२७ अंश. जूनमध्ये भोजनालयाच्या मागच्या खोलीत ३४-३५ अंश असतात, म्हणून दूध आणि पाणी फ्रीजमधलं. तसं न केल्यास पहिलं फुगणं अर्ध्या तासात उरकतं आणि बनला आंबूस वास येतो.

७० ग्रॅमचे गोळे, एका घाण्यात २५. दाबून ८ सेंमी करायचे, दुसऱ्यांदा फुगल्यावर आणि भाजल्यावर १० सेंमी होतात. वरून दुधाचा हात, तीळ थोडे. २०० अंशांवर १३-१४ मिनिटं. मधोमध तापमापक टोचून ९२ ते ९४ अंश आले की काढायचे. भाजलेला बन ६२ ग्रॅमच्या आसपास.

२४ जून

पाऊस सुरू झाल्यापासून बन ठेवण्याचा प्रश्न आला. कोमट बन पिशवीत भरले की आत दव धरतं आणि तिसऱ्या दिवशी बुरशीचा ठिपका. जाळीवर ठेवून आतून ३२ अंशांच्या खाली आले की मगच पिशवी. फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत. बन शिळा होतो तो मुख्यतः शिजलेल्या मैद्यातला स्टार्च पुन्हा कडक होत गेल्यामुळे, आणि तो वेग फ्रीजच्या ४ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त असतो. आज-उद्याचे बन बाहेर, बाकीचे भाजल्या दिवशीच उणे १८ अंशांवर. तिथून काढल्यावर पिशवी न उघडता दोन तास बाहेर ठेवायचे, म्हणजे दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला धरतं.

बन कापून ठेवायचे नाहीत. ऑर्डर आली की कापायचे.

२ जुलै

बटाटा. माळव्याचा बटाटा कमी साखरेसाठी आणि जास्त कोरड्या भागासाठी नावाजलेला आहे. चिप्सवाले इथून माल उचलतात तो त्याचसाठी. पण काढणी फेब्रुवारी-मार्चची. आता चोइथराम मंडीत येतो तो शीतगृहातला, आणि तो कुठल्या तापमानाला ठेवला होता यावर टिक्कीचं सगळं अवलंबून. २ ते ४ अंशांवर ठेवलेल्या बटाट्यात स्टार्चची साखर होते. अशी टिक्की तेलात दोन मिनिटांत तांबूस-काळी होते आणि आत गारच राहते. चवीलाही गोडसर लागते. चिप्ससाठीचा माल १०-१२ अंशांवर ठेवतात, त्यात हा त्रास कमी.

मंडीत पोतं घेण्याआधीची परीक्षा: प्रत्येक पोत्यातले तीन-चार बटाटे आणायचे, ३ मिमी जाडीच्या चकत्या १८० अंशांच्या तेलात तीन मिनिटं तळायच्या. फिकट सोनेरी निघाल्या तर माल घ्यायचा. तपकिरी निघाल्या तर सोडायचा, किंवा स्वस्तात मिळत असेल तर हवेशीर अंधाऱ्या खोलीत दोन-तीन आठवडे पसरून ठेवायचा. साखरेचा बराचसा भाग परत उतरतो. चिप्सोना जातीचा मिळाला तर उत्तम. पातळ सालीचा, पाणीदार पुखराज भाजीला चांगला, टिक्कीला नाही.

उकडताना सालीसकट आणि अख्खा. चिरून उकडला की पाणी पितो. शिजल्यावर पाणी ओतून टाकून त्याच गरम पातेल्यात पाच मिनिटं उघडा ठेवायचा, वाफ जाऊ द्यायची, मग परातीत पसरून पूर्ण गार. किसायचा तो गार झाल्यावरच. गरम बटाटा कुस्करून मळला की स्टार्चच्या पेशी फुटतात आणि लगदा डिंकासारखा होतो. तशी टिक्की आतून चिकट लागते, मग मसाला कितीही चांगला असो.

५ जुलै

टिक्कीचं माप पक्कं झालं. किसलेला बटाटा १००० ग्रॅम, वाफवून भरड ठेचलेला मटार १५०, पोह्यांची पूड ८०, कॉर्नफ्लोअर ३०, आलं-मिरची मिळून ३०, मीठ १६, जिरावण (पोह्यांवर घालतात तो आमचूर असलेला इंदुरी मसाला) ८, भाजलेलं जिरं ४, अर्ध्या लिंबाचा रस. ८० ग्रॅमच्या १६ टिक्क्या.

बांधणीसाठी ब्रेडचा चुरा, भिजवलेला ब्रेड आणि पोह्यांची पूड शेजारी ठेवून पाहिले. भिजवलेला ब्रेड बाद, कारण तो पाणीच घालतो. पोह्यांची पूड सर्वांत बरी: जाड पोहे कोरडेच कढईत परतून मिक्सरमध्ये रव्याइतके बारीक करायचे. ते बटाट्यातलं उरलंसुरलं पाणी पितात आणि आधीच शिजलेले असल्याने कच्चट लागत नाहीत. इंदूरमध्ये पोहे कधी कमी पडणार नाहीत, हाही मुद्दा आहेच.

जिरावण मळताना अर्धं आणि तळल्याबरोबर वरून अर्धं. सगळं आत घातलं तर आमचुराच्या आंबटपणापुढे सुवास हरवतो.

आकार: १०.५ सेंमी व्यास, साधारण ९ मिमी जाडी. साच्यासाठी डब्याचं झाकण आणि प्लॅस्टिकचा कागद पुरेसा आहे. टिक्की बनपेक्षा अर्धा सेंमी मोठी हवी, म्हणजे कडेच्या घासातही टिक्की येते. मग एक तास फ्रीजमध्ये, उघडी. वरचा पापुद्रा सुकतो आणि घोळ घट्ट धरतो.

घोळ: मैदा ६०, कॉर्नफ्लोअर ४०, मीठ २, पाणी १६५ ग्रॅम. चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहील इतपत. वर जाडसर ब्रेडचुरा. मैद्याच्या जाड घोळाने टिक्की भज्यासारखी होते.

तेल १७५ ते १८० अंश, साडेतीन-चार मिनिटं, आतून किमान ७५ अंश. ८ लिटरमध्ये एका वेळी सहाच. आठ टाकल्या की तेल १६० च्या खाली घसरतं, चुरा तेल पितो आणि बन तेलकट होतो. तेल १९० च्या वर गेलं की बाहेर करपतं आणि आत थंड. फुटणाऱ्या टिक्क्या पाहिल्या तर जवळपास सगळ्यांची चीर कडेला होती: कडेला भेग राहिली किंवा घोळ पोचला नाही, तिथून वाफ फुटली. वळताना कडा बोटाने गुळगुळीत करणं हे काम वेगळं शिकवायला हवं.

तळल्यावर जाळीवर ९० सेकंद. कागदावर ठेवली तर खालची बाजू स्वतःच्याच वाफेत नरम पडते.

१३ जुलै, वडोदरा

फतेगंजात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या गर्दीतली ठिकाणं आणि अलकापुरीतली बसून खायची ठिकाणं, दोन्ही. फरक स्पष्ट आहे. इथे बर्गर बऱ्याचदा सँडविचच्या ग्रिलमध्ये दाबून देतात, वर किसलेल्या चीजचा डोंगर. दिसायला भरघोस, पण दाबल्याने बनमधली हवा जाते आणि टिक्कीचं तळलेलं कवच आतल्या आत वाफवलं जातं. छेद दिल्यावर थर वेगळे दिसत नाहीत. मात्र पाच मिनिटांनी खालचा बन कोरडा होता, कारण बाहेरून दोन्ही बाजू कडक झालेल्या. प्रवासात खायचा असेल तर ही पद्धत उपयोगाची.

जैन पर्याय जवळपास प्रत्येक फलकावर. कांदा-लसूण-बटाट्याशिवाय म्हणजे कच्च्या केळ्याची टिक्की. एका ठिकाणी ती उत्तम होती. दुसऱ्या ठिकाणी घशाला कोरडी आणि तुरट. कच्चं केळं सालीसकट उकडून लगेच किसलं नाही तर काळं पडतं, आणि त्यात बटाट्यापेक्षा ओलावा कमी असतो. म्हणून पनीरची जोड हवी.

परत आल्यावर केलेलं माप: सालीसकट १२-१५ मिनिटं उकडलेल्या कच्च्या केळ्यांचा कीस ८०० ग्रॅम, किसलेलं पनीर २००, मटार १५०, पोह्यांची पूड ४० (बटाट्याच्या निम्मी), मिरची, कोथिंबीर, लिंबू पूर्ण एक. आलंही वर्ज्य. जिरावणात सुंठ असते, ती अनेक जैन खातात, तरी खबरदारी म्हणून या घाण्यात जिरावण नाही. त्याऐवजी जिरंपूड, आमचूर आणि काळं मीठ. तळायला वेगळी छोटी कढई आणि नवं तेल. फ्रायरमधल्या तेलात बटाटा तळलेला असतो, ते जैन गिऱ्हाइकाला सांगितल्याशिवाय देणं बरोबर नाही.

१९ जुलै

सॉस. कच्च्या अंड्याचं मेयोनेज करायचं नाही. साल्मोनेला जिवाणूच्या धोक्यामुळे तेलंगणाने २०२४ च्या ऑक्टोबरअखेर आणि तामिळनाडूने २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली. मध्य प्रदेशात तशी बंदी असो-नसो, ओट्यावरच्या उन्हाळी तापमानात त्याचा भरवसा धरता येत नाही.

दुधाचं मेयो: फ्रीजमधलं गार दूध १०० ग्रॅम, मोहरीची पेस्ट ५, मीठ ३, उंच अरुंद भांड्यात. हँड ब्लेंडर तळाशी टेकवून चालू ठेवायचा आणि २०० ग्रॅम वास नसलेलं तेल बारीक धारेने. घट्ट झालं की शेवटी व्हिनेगर १५ ग्रॅम. व्हिनेगर आधी घातलं तर दूध फाटतं आणि मेयो धरत नाही. तेल कोमट असलं तरी सैलच राहतं. एका घाण्यात साधारण ३२० ग्रॅम, त्याच दिवशी संपवायचं, ओट्यावर बर्फाच्या ट्रेमध्ये.

हिरवी चटणी थेट बनवर लावली की पाणी सुटून खालचा बन मिनिटभरात हिरवा होतो. २०० ग्रॅम चटणीत २० ग्रॅम डाळं वाटून घालायचं आणि ती समभाग मेयोत मिसळायची. तेलकट सॉस बनच्या भोकांत बसतो आणि पाणी अडवतो.

२६ जुलै, पुणे

कॅम्पात १९९२ पासून चालू असलेलं बर्गर किंग आहे. अमेरिकेच्या त्याच नावाच्या कंपनीने भारतात दुकान उघडलं ते २०१४ मध्ये. नावावरून चाललेला कंपनीचा दावा पुण्याच्या न्यायालयाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये फेटाळला. प्रकरण पुढे मुंबई उच्च न्यायालयात गेलं.

पुण्यात वेगवेगळ्या ठिकाणी मांसाचे बर्गर खाऊन पाहिलेले मुद्दे. जाड पॅटी मध्ये फुगून चेंडूसारखी होते आणि बन घसरतो. कडा आधी आकसतात, मधला भाग वर येतो. कच्च्या पॅटीच्या मध्यावर अंगठ्याने उथळ खळगा केला की ती सपाट शिजते. दुसरं, मांस शिजताना आक्रसतं; कच्ची पॅटी बनपेक्षा दीड-दोन सेंमी मोठी नसेल तर शिजल्यावर कडेला पावच उरतो. तिसरं, काही ठिकाणी पॅटी रबरासारखी लवचीक होती. खिम्यात आधीच मीठ घालून मळून ठेवलं की प्रथिनं विरघळून एकमेकांना धरतात. सॉसेजला ते हवं असतं, बर्गरला नको.

२ ऑगस्ट

चिकन. छातीचा खिमा कोरडा पडतो. मांडीचं मांस, चरबीसाठी थोडी कातडी, जाड जाळीतून एकदाच काढलेलं. काढण्याआधी मांस आणि यंत्राचा भाग दोन्ही फ्रीझरमध्ये अर्धा तास. गरम यंत्रात चरबी वितळून लगदा होतो.

९० ग्रॅमचे सैल गोळे, मीठ नाही. तवा २१० ते २२० अंश. गोळा ठेवला की वर बटर पेपर आणि जड दाबणी, दहा सेकंदांत १२ सेंमीपर्यंत दाबायचा. दाबायचं ते पहिल्या अर्ध्या मिनिटातच. नंतर दाबलं की रस तव्यावर जातो. मीठ-मिरपूड आता, वरून. दोन मिनिटांनी कडा तपकिरी झाल्या की कालथ्याने खरवडून उलटायचा. ही तपकिरी खरपुडीच चव आहे, ती तव्याला चिकटून राहिली तर सगळं वाया. दुसरी बाजू दीड मिनिट, चीज शेवटच्या ४० सेकंदांत. आतून ७४ अंश, अपवाद नाही. चिकनचा बर्गर मधोमध गुलाबी द्यायचा नसतो.

अंड्याचा बर्गर सर्वांत सोपा आणि सर्वांत वेगवान. एक अंडं, कांदा १५ ग्रॅम, मिरची, कोथिंबीर, मीठ फेटून मध्यम तव्यावर १२ सेंमी पसरायचं. वरची बाजू ओली असतानाच बनची कापलेली बाजू त्यावर दाबायची, २० सेकंद थांबून सगळं उलटायचं. अंडं बनला चिकटतं, घसरत नाही. बनच्या बाजूने अंडं पूर्ण शिजल्याची खात्री करून मगच उचलायचं. वर जिरावण. चीजची गरज नाही.

९ ऑगस्ट

रचनेचा क्रम. खालून वर: लोण्यावर भाजलेला बन, मेयो १० ग्रॅम कडेपर्यंत, कोबी २५ ग्रॅम, टिक्की, चीजचा काप, कांद्याच्या दोन चकत्या, चटणी-मेयो ८ ग्रॅम, वरचा बन. टोमॅटो फक्त बसून खाणाऱ्यांना: बिया काढून, ६ मिमी, मीठ लावून जाळीवर दहा मिनिटं निथळलेला. पार्सलमध्ये टोमॅटो नाही.

बन भाजताना तवा १८० अंश, कापलेल्या बाजूला ५ ग्रॅम लोणी, ४५ ते ६० सेकंद. रंग कडेपासून मधल्या भागापर्यंत सारखा आला पाहिजे. ही एक गोष्ट नीट झाली की खालचा बन दहा मिनिटं टिकतो.

पावसाळ्यात लेट्यूस महाग आणि मऊ येतं, त्यामुळे कोबी. बारीक चिरून बर्फाच्या पाण्यात दहा मिनिटं, मग मलमलीत बांधून गरगर फिरवून कोरडा. कांद्यालाही हेच, त्याचा उग्रपणा कमी होतो.

१६ ऑगस्ट

तेल. तळणीच्या तेलातले ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर वाढत जाणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरता येत नाही, असा एफएसएसएआयचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. पट्टी बुडवून पाहायचे संच मिळतात. रोज काउंटर बंद करताना तपासायचं. पट्टीच्या आधीची खूण म्हणजे टिक्की टाकल्यावर बुडबुड्यांचा फेस विरत नाही. ब्रेडचुरा तळाशी जळतो, तोच तेल लवकर मारतो. म्हणून दर तासाला बारीक जाळीने काढायचा आणि रात्री मलमलीतून गाळायचं. टाकाऊ तेल गटारात किंवा ओल्या कचऱ्यात नाही. डब्यात साठवून बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्यांकडे.

२२ ऑगस्ट

पार्सल. बंद डब्यात, बटर पेपरमध्ये आणि फॉइलमध्ये गुंडाळून पंधरा मिनिटांनी उघडून पाहिले. फॉइलमध्ये बन ओला, टिक्कीचं कवच गेलेलं. भोकं नसलेल्या डब्यात झाकणाला थेंब. सर्वांत बरा बटर पेपर, वरून सैल, कागदी पिशवीत उभा. पिशवीचं तोंड मोकळं ठेवायचं. बटाट्याच्या काड्या त्याच पिशवीत नाहीत, त्यांची वाफ बर्गरला लागते. पाऊस असेल तर वरून प्लॅस्टिकची पिशवी, पण गाठ नाही. जाळीवरचे ९० सेकंद पार्सलसाठी दोन मिनिटं करायचे. त्या अर्ध्या मिनिटात बरीच वाफ बाहेर जाते.

घरी पुन्हा गरम करणाऱ्यासाठी चिठ्ठी: बर्गर उघडा, टिक्की कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन-दोन मिनिटं, बन कापलेल्या बाजूने अर्धा मिनिट. मायक्रोवेव्हमध्ये नको.

३० ऑगस्ट

६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. झाँक्या (मिरवणुकीतले सजवलेले चित्ररथ) पाहायला माणसं रात्रभर रस्त्यावर असतात. दीडशे टिक्की बर्गरची तयारी धरली, त्या रात्री फक्त टिक्की आणि अंडं.

अडणारी जागा फ्रायर. सहा टिक्क्या चार मिनिटांत, तेल परत तापायला एक मिनिट, म्हणजे तासाला ७२. तव्यावर एका वेळी बाराच्या वर बन भाजता येतात, तो कमी पडत नाही. म्हणून टिक्क्या दुपारी १६५ अंशांवर दोन मिनिटं अर्ध्या तळून, जाळीवर गार करून, ५ अंशांच्या खाली. रात्री १८० अंशांवर शेवटचं तळण दोन मिनिटं, मध्ये थांबायचं अर्धा मिनिट, म्हणजे तासाला १४४. फ्रीजमधून वीस-वीस काढायच्या. काढलेल्या दोन तासांत संपल्या नाहीत तर टाकून द्यायच्या, परत आत ठेवायच्या नाहीत. आतलं तापमान प्रत्येक घाण्यातल्या एका टिक्कीचं तपासायचं. थंड टिक्कीला कधी १५-२० सेकंद जास्त लागतात.

टिक्की बर्गरचं साहित्य: बनचे ६ घाणे, टिक्कीचे १० (दहा जास्तीच्या हव्यातच), मेयोचे ९, कोबी चिरून पावणेचार किलो, लोणी दीड किलो. मेयो तीन टप्प्यांत करायचं, शेवटचा टप्पा रात्री नऊला.

८ सप्टेंबर

फ्रायर पुरला. अडलं ते गुंडाळण्याच्या टेबलावर. बन भाजणाराच कागद उघडत होता, त्यामुळे भाजलेले बन तव्यावर पडून कडक होत होते. पुढच्या वेळी कागद आधीच चौकोनी कापून पन्नासच्या गठ्ठ्यात, आणि गुंडाळायला वेगळा माणूस.

कोबी बाराच्या सुमारास पाणी सोडू लागला. मोठ्या परातीत तळचा थर दबला जातो. अर्धा-अर्धा किलोचे, तळाला जाळी असलेले डबे घ्यायचे आणि एका वेळी एकच बाहेर ठेवायचा. अंड्याची मागणी अंदाजापेक्षा बरीच जास्त होती, विशेषतः रात्री एकनंतर. त्या वेळी फ्रायर बंद करून अंड्याला आणखी एक तवा देता येईल, पण दुसरा तवा व्हेजचा, तो द्यायचा नाही. त्यासाठी नॉनव्हेजच्या बाजूला तिसरा छोटा तवा, ४५ बाय ३० सेंमी, जाडी तीच.